रेडिटची बंदी आणि ८० टक्क्यांचा आकडा : एक पेपर, तीन शंका

‘इंटरनेट कंपन्यांनी अतिरेकी मजकूर काढून टाकावा की अभिव्यक्तिस्वातंत्र्य जपावं?’ हा प्रश्न कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेपासून पीएचडीच्या मुलाखतीपर्यंत कुठेही भेटतो. उत्तरंही ठरलेली असतात. एक बाजू म्हणते, विष पसरू द्यायचं का? दुसरी म्हणते, आज त्यांचं तोंड बंद केलं, उद्या तुमचं करतील. दोन्ही वाक्यांना टाळ्या पडतात. पण संशोधन करायचं असेल तर टाळ्यांनी भागत नाही. या प्रश्नातला कोणता भाग मोजता येतो आणि कोणता येत नाही, हे आधी वेगळं काढावं लागतं.

म्हणून आज एक पेपर घेऊ. ईश्वर चंद्रशेखरन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला, रेडिटने २०१५ मध्ये घातलेल्या बंदीचा अभ्यास. ‘बंदी घातल्याने उपयोग होतो’ असं कुणी म्हणालं की बहुतेक वेळा याच पेपरचा हवाला दिला जातो. पेपर चांगला आहे, अगदी शिकण्यासारखा. पण त्याच्या नावावर जे खपवलं जातं, ते सगळं त्यात नाही. माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र, त्यामुळे समाजमाध्यमांचा अभ्यास हे माझं घरचं शेत नाही. पण मोजमाप कसं केलंय हे विचारायला कुठल्याही शाखेचा विद्यार्थी चालतो.

काय घडलं होतं

रेडिट म्हणजे हजारो चर्चागटांचं एक मोठं गाव. प्रत्येक गटाचे आपले नियम, आपले चालक. जून २०१५ मध्ये कंपनीने काही गट बंद केले. त्यातला सर्वांत मोठा ‘फॅटपीपलहेट’. लठ्ठ माणसांचे फोटो टाकून त्यांची टिंगल करणं हाच त्याचा उद्योग. सभासद दीड लाखाच्या आसपास. ऑगस्टमध्ये ‘कूनटाउन’ हा कृष्णवर्णीयांच्या द्वेषासाठी काढलेला गट बंद झाला. जूनच्या बंदीच्या वेळी कंपनीने खुलासा केला होता की आम्ही विचारांवर नव्हे, छळाच्या वर्तनावर बंदी घालतोय. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तेव्हाच दोन भाकितं झाली. पहिलं : ही माणसं रेडिटच्या इतर गटांत पसरतील आणि तिथलं वातावरण नासवतील. दुसरं : जातील निघून, आणि जागा स्वच्छ होईल. दोन्ही भाकितं तपासता येण्यासारखी होती. पेपरने तेच केलं.

पद्धत

दहा कोटींहून जास्त पोस्टी आणि प्रतिक्रिया घेतल्या. त्यात द्वेष किती हे मोजायचं तर माणसं बसवून वाचणं अशक्य. म्हणून त्यांनी शब्दांची यादी केली. बाकीच्या रेडिटच्या तुलनेत या दोन गटांत प्रमाणाबाहेर वापरले जाणारे शब्द संगणकाने काढले, मग माणसांनी ते चाळून द्वेषाचे तेवढे ठेवले.

पुढचा प्रश्न तुलनेचा. समजा बंदीनंतर या लोकांचे द्वेषाचे शब्द कमी झाले. पण त्याच काळात सगळ्या रेडिटवरच कमी झाले असतील तर? शेतकी महाविद्यालयात शिकवतात तशी ही गोष्ट आहे. एका वावरात खत टाकलं, पीक वाढलं. पण पाऊसही बरा झाला होता. मग शेजारचं, तसंच, पण खत न टाकलेलं वावर बघायचं आणि दोन्हींतल्या वाढींची वजाबाकी करायची. इथे ‘शेजारचं वावर’ म्हणजे बंदीपूर्वी जवळपास सारखं वागणारे, पण त्या गटांत न लिहिणारे वापरकर्ते. अशी जोडी जुळवणं हाच या पेपरचा कणा आहे. नियंत्रण गट कसा निवडावा हे शिकायला हा भाग दोनदा वाचा.

निष्कर्ष

तीन गोष्टी सापडल्या. एक, या गटांतल्या अपेक्षेपेक्षा जास्त लोकांनी रेडिटवर लिहिणंच थांबवलं. दोन, जे राहिले त्यांच्या लिखाणातले द्वेषाचे शब्द किमान ८० टक्क्यांनी घटले. तीन, हे लोक ज्या इतर गटांत गेले, तिथे द्वेषाच्या प्रमाणात लक्षणीय बदल दिसला नाही.

म्हणजे ‘पसरतील आणि नासवतील’ हे पहिलं भाकीत पडलं. ही मोठी गोष्ट आहे. बंदीला विरोध करणाऱ्यांचा हा लाडका युक्तिवाद होता आणि निदान या दोन गटांपुरता तो टिकला नाही. आपल्याला न आवडणारा निकाल पुराव्यानिशी आला तर तो मान्य करायचा, ही संशोधनाची पहिली अट.

आता शंका.

शंका पहिली : मोजपट्टी कुणाची?

शब्दांची यादी त्याच गटांतून तयार झाली होती. गट मोडला की त्याची बोलीही मोडते. गटाबाहेर तीच सांकेतिक भाषा वापरून उपयोग नसतो, कारण कुणाला कळतच नाही. त्यामुळे ८० टक्क्यांच्या घटीत द्वेष किती कमी झाला आणि बोली किती बदलली, हे यादीवरून पूर्णपणे वेगळं काढता येत नाही. ‘त्या शब्दांचा वापर घटला’ हे सिद्ध झालं. ‘द्वेष घटला’ हा त्यापुढचा एक अंदाज आहे. वाजवी आहे, पण अंदाज.

हीच पद्धत मराठीत वापरून बघा म्हणजे अडचण नीट कळेल. जातीवाचक शब्द एका तोंडी शिवी असतो, दुसऱ्याच्या लिखाणात स्वतःवर झालेल्या अन्यायाची साक्ष असतो. नुसत्या शब्दांच्या यादीने चाळलं तर नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) पहिल्याच फेरीत गळेल. आणि खरा द्वेष करणारा माणूस एकही शिवी न देता, ‘ते लोक’ आणि ‘आपण समजून घ्या’ एवढ्यावर काम भागवून जाईल. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने २०२२ मध्ये ‘महाहेट’ हा मराठी ट्वीट्सचा संच काढला, त्यात २५ हजारांवर ट्वीट्सना माणसांकडून चार प्रकारची लेबलं लावून घेतली आहेत : द्वेषपूर्ण, अपमानकारक, अश्लील आणि यांपैकी काही नाही. शिवी वेगळी आणि द्वेष वेगळा, हे त्या वर्गीकरणातच मान्य केलंय. तुमच्यापैकी कुणाला मराठीत या विषयावर काम करायचं असेल तर सुरुवात इथून करा.

शंका दुसरी : निघून गेलेल्यांचं काय?

८० टक्के हा आकडा राहिलेल्यांचा आहे. सगळ्यांचा नाही. निघून गेलेले या हिशेबात येतच नाहीत, आणि जास्तीत जास्त कडवे लोक त्यांच्यातच असण्याची शक्यता आहे.

आमच्या प्रयोगशाळेत प्रतिजैविक टाकल्यावर प्लेट स्वच्छ दिसते. पण प्लेट स्वच्छ होणं आणि जंतू संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. उरलेले कुठे आहेत आणि ते जास्त चिवट झालेत का, हे वेगळं तपासावं लागतं. माणसं जंतू नव्हेत, त्यामुळे ही उपमा इथेच सोडतो. पण प्रश्न तोच आहे. लेखकांनाही तो दिसला होता. काही लोक ‘व्होट’ नावाच्या दुसऱ्या संकेतस्थळावर गेले, म्हणजे रेडिटने आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं असं म्हणता येईल, हे त्यांनी स्वतःच नोंदवलंय. पेपरवर टीका करायच्या आधी त्याचा चर्चेचा भाग वाचावा तो यासाठी. अर्ध्या शंका लेखकांनी आधीच लिहून ठेवलेल्या असतात.

याचं पुढचं उत्तर २०२१ मध्ये आलं. मनोएल ओर्ता रिबेरो आणि सहकाऱ्यांनी दोन गटांचा माग नव्या जागेपर्यंत काढला. एक ‘इन्सेल्स’, स्त्रियांविषयीच्या द्वेषामुळे २०१७ मध्ये बंद झालेला. दुसरा ‘द डोनाल्ड’, ट्रम्प समर्थकांचा. त्याच्यावर रेडिटने निर्बंध आणले, मग त्याच्या सभासदांनी स्वतःचं संकेतस्थळ काढलं आणि २०२० मध्ये रेडिटवरचा मूळ गट बंदही झाला. दोन्ही ठिकाणी नव्या जागी पोस्टी कमी झाल्या, सक्रिय लोक कमी झाले, नवे येणारे कमी झाले. पण ‘द डोनाल्ड’च्या बाबतीत जे गेले, त्यांच्या भाषेत विखार आणि कट्टरतेची चिन्हं वाढलेली दिसली.

आता हे दोन पेपर शेजारी ठेवा. बंदीमुळे गर्दी पांगते. नव्या माणसाला त्या वाटेवर जाणं अवघड होतं. हा फायदा खरा आहे. पण उरलेला गाभा लहान आणि जास्त कडवा होऊ शकतो. एक लाख अर्धवट समर्थक कमी होणं आणि शंभर जण जास्त कडवे होणं, यात समाजाचा तोटा की फायदा? याचं उत्तर सरासरी काढून मिळत नाही. कारण हिंसेला एक लाख माणसं लागत नाहीत. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला १५ मार्च २०१९ रोजी एका माणसाने दोन मशिदींत ५१ जणांचे जीव घेतले आणि ते फेसबुकवर थेट दाखवलं. फेसबुकने पहिल्या २४ तासांत त्या चित्रीकरणाच्या १५ लाख प्रती काढल्या, त्यांपैकी १२ लाख चढवतानाच अडवल्या. अशा वेळी ‘काढू नका, बोलू द्या’ असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ज्यांच्या घरचं माणूस त्या चित्रीकरणात मरतंय, त्यांचाही काही हक्क असतो.

शंका तिसरी : चुकून उडालेल्यांचा रकाना

ही सर्वांत महत्त्वाची, आणि या पेपरच्या कक्षेबाहेरची. रेडिटने काही मोजके गट माणसांनी ठरवून बंद केले. पण आज अतिरेकी मजकूर बऱ्याच अंशी यंत्राने निवडून काढला जातो. ‘बंदी उपयोगी पडते’ हा पहिल्या प्रकारचा पुरावा दुसऱ्या प्रकारासाठी वापरता येत नाही. पेपरचा हवाला देताना नेमकी इथेच गल्लत होते.

थोडं गणित करू. आकडे मी समजण्यासाठी धरलेत. १० लाख पोस्टी, त्यांत हजारात एक अतिरेकी, म्हणजे १,०००. यंत्र १०० पैकी ९५ अतिरेकी पोस्टी पकडतं, आणि साध्या पोस्टींपैकी १०० तली एकच चुकून पकडतं. ऐकायला उत्तम. आता मोजा. बरोबर पकडलेल्या ९५०. चुकून पकडलेल्या, ९,९९,००० च्या एक टक्का, म्हणजे ९,९९०. एकूण पकडलेल्या १०,९४० पैकी खऱ्या अतिरेकी जेमतेम नऊ टक्के. कोविडच्या दिवसांत ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ हा शब्द घरोघरी पोचला, तोच हा प्रकार. दुर्मीळ गोष्ट शोधताना चांगलं यंत्रही बहुतेक वेळा चुकीच्या माणसाला धरतं.

ही चुकीची माणसं कोण असतात? २०१७ च्या ऑगस्टमध्ये यूट्यूबने अतिरेकी मजकूर ओळखण्यासाठी नवी यंत्रणा लावली आणि सिरियातल्या युद्धाच्या चित्रणाचे हजारो व्हिडिओ उडाले. ते टाकणारे बरेच जण अत्याचारांची नोंद ठेवणारे होते. ‘सिरियन आर्काइव्ह’सारख्या संस्था त्यावरच काम करत होत्या. यंत्राला बॉम्ब, रक्त आणि झेंडे दिसले. मारणारा चित्रण करतोय की मार खाणारा, हे त्याला कळलं नाही. तक्रारींनंतर काही व्हिडिओ परत आले. गंमत म्हणा की दुर्दैव, त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या एका लष्करी अधिकाऱ्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं, आणि त्याला मोठा आधार होता तो समाजमाध्यमांवर आलेल्या व्हिडिओंचा. म्हणजे एकीकडे जो मजकूर पुरावा ठरतोय, तसाच मजकूर दुसरीकडे कचरा म्हणून जातोय.

काढलेल्या मजकुराचे आकडे कंपन्या अहवालात अभिमानाने देतात. किती काढलं हा आकडा मोठा असतो. त्यातलं किती चुकून काढलं, हा रकाना बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही, कारण जे काढलं ते बघायलाच मिळत नाही.

मग स्वातंत्र्याचं काय?

इथे एक भेद करून ठेवा, मुलाखतीत हमखास लागतो. आपल्या राज्यघटनेचं कलम १९(१)(क) अभिव्यक्तिस्वातंत्र्य देतं आणि १९(२) त्यावरची वाजवी बंधनं सांगतं. हे बंधन मुख्यतः सरकारवर आहे. खासगी कंपनीने पोस्ट काढली तर ती थेट या कलमाचा भंग ठरतेच असं नाही. पण ‘कंपनी खासगी आहे, तिची मर्जी’ म्हणून विषय संपत नाही, कारण कंपनीवर दबाव कोण आणतं हा प्रश्न उरतो.

महाराष्ट्राला हे चांगलं ठाऊक असायला हवं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्यावर फेसबुकवर प्रश्न विचारणारी पालघरची एक तरुणी आणि ती पोस्ट नुसती ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ त्यात होतं. त्या कलमाला आव्हान मिळालं आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्याच निकालात, मजकूर काढण्याची कंपनीवरची कायदेशीर जबाबदारी न्यायालयाच्या आदेशाने किंवा सरकारच्या अधिसूचनेने सुरू होते, कुणाच्याही तक्रारीने नाही, असंही स्पष्ट झालं. पालघरची पोस्ट कुठल्याही अर्थाने अतिरेकी नव्हती. पण ‘त्रासदायक’, ‘भावना दुखावणारं’ अशा सैल शब्दांनी तिला पकडता आलं. व्याख्या सैल असली की चुकीने पकडले जाणारे वाढतात. यंत्र असो की पोलीस ठाणं, गणित तेच.

माझं मत

माझ्या मते कंपन्यांनी काढावं, आणि काढतानाच हिशेब द्यावा. छळ किंवा हिंसा हाच ज्याचा उद्योग आहे असा गट, वर्तनाच्या स्पष्ट नियमावर, माणसांनी तपासून बंद करणं योग्य आहे. २०१७ च्या पेपरने त्याला आधार दिलाय. पण एकेक पोस्ट यंत्राने गुपचूप उडवणं हे वेगळं काम आहे आणि त्यासाठी तीन अटी हव्यात. ज्याचं काढलं त्याला कारण कळावं आणि दाद मागता यावी. काढलेलं लगेच नष्ट न होता, न्यायालय आणि संशोधकांसाठी जपून ठेवलं जावं. आणि चुकून काढलेल्यांचं प्रमाण बाहेरच्या लोकांना नमुना घेऊन तपासता यावं. यांतली तिसरी अट नसेल तर पहिल्या दोन कागदावरच राहतात.

आणि हाच आपल्या, म्हणजे संशोधनाकडे वळणाऱ्यांच्या, जिव्हाळ्याचा मुद्दा. २०१७ चा पेपर झाला कारण रेडिटचं लिखाण तेव्हा सहज मिळत होतं. आता तसं नाही. ट्विटरची फुकट माहितीसेवा २०२३ च्या सुरुवातीला बंद झाली. रेडिटच्या अनेक अभ्यासांचा आधार असलेल्या ‘पुशशिफ्ट’ संग्रहाचा प्रवेश त्याच वर्षी मे महिन्यात काढून घेतला गेला. फेसबुकवरचा मजकूर बघायचं ‘क्राउडटँगल’ हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये मेटाने बंद केलं. युरोपात २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याच्या कलम ४० ने संशोधकांना माहिती मागायचा हक्क दिलाय. मराठी मजकुरावर काम करू पाहणाऱ्या इथल्या विद्यार्थ्याच्या हातात त्या तोडीचं काही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ‘बंदीमुळे द्वेष इतके टक्के घटला’ असं वाक्य दिसलं की समासात तीन प्रश्न लिहा. कशाने मोजलं? कुणाला मोजलं नाही? चुकून कोण उडालं? आणि तुमचा प्रस्ताव या विषयावर असेल तर चौथाही लिहा, पद्धतीच्या प्रकरणात, अगदी वर : ही माहिती मला उद्या मिळेल का? गाइड हा प्रश्न विचारतीलच. त्यांच्याआधी तुम्ही विचारलेला बरा.